मुख्य प्रवाहाचा बसथांबा

‘मुख्य प्रवाहात या’ हे वाक्य आम्ही आजवर इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की आता त्याचा राग येत नाही. फक्त एक साधा प्रश्न पडतो. हा प्रवाह वाहतो तरी कुठून? तिथे जायचे तर बस कोणत्या नंबरची पकडायची आणि कोणत्या थांब्यावर उतरायचे? प्रश्न थट्टेचा वाटेल, पण आम्ही तो मनापासून विचारीत आहोत. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घरात कोकणी बोली, वर्गात उर्दू, बसमध्ये आणि बाजारात मराठी. वय तिशीच्या पुढे, पदरी बी.एड., जात बाईची. सुट्टीच्या दिवशी आम्ही मुंबईत एकट्याने फिरतो, बसने आणि पायी. या फिरण्यात आम्हाला कोळीवाडे भेटले, चाळी भेटल्या, पारशी वसाहती भेटल्या, मद्रासी खानावळी भेटल्या, ईस्ट इंडियन ख्रिस्ती भेटले, यहुदी भेटले. मुख्य प्रवाह मात्र अजून भेटलेला नाही.

जे आम्हाला बोलावतात, ते स्वतः आमच्याकडे किती आले? येतात, रमजानमध्ये येतात. तरावीहनंतर मिनारा मशिदीच्या गल्लीत इतकी गर्दी होते की पाय ठेवायला जागा नसते. मालपुवा, फिरनी, नल्ली निहारी खातात, मोबाइलवर फोटो काढतात, ‘काय माहौल आहे’ म्हणतात आणि मध्यरात्री परत जातात. त्यांच्या खाण्यावर आमचा राग नाही, दुकानदाराचे चार पैसे होतात. पण उरलेले अकरा महिने हाच मोहम्मद अली रोड त्यांच्यासाठी कुठे जातो? सकाळी अकराला तिथे लोखंडी सामान विकले जाते, अत्तर विकले जाते, शालेय वह्या विकल्या जातात, उर्दू पुस्तकांची थोडीफार उरलेली दुकाने उघडतात. ते पाहायला कोणी येत नाही. एखाद्या वस्तीत फक्त तिच्या जेवणाच्या वेळी जाणाऱ्या माणसाला आपल्याकडे पाहुणा म्हणत नाहीत, दुसरे काहीतरी म्हणतात.

जे खायलाही येत नाहीत ते वरून जातात. जे.जे. रुग्णालयापासून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूपर्यंत २००२ साली जवळपास अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल झाला. पुलावरून जाणाऱ्याला आमचा मोहल्ला म्हणजे दोन्ही अंगांनी पळणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या आणि त्यांत वाळत घातलेले कपडे. खाली माणसे आहेत, हे त्याला कळायचे कारण नाही. गंमत अशी, की या पुलाला नाव दिले आहे कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे. चौदाव्या-पंधराव्या शतकातला हा कोकणचा सुपुत्र. अरबीत कुरआनावर तफसीर लिहिणारा. त्याच्या नावाच्या पुलावरून शहर त्याच्या माणसांना न भेटता निघून जाते. हा सन्मान म्हणायचा की बगल, हे वाचकांनी ठरवावे.

आणखी एक तक्रार आहे, ती सांगून हा भाग संपवतो. बसमध्ये, कार्यालयात, एखाद्या साहित्यिक कार्यक्रमात आम्ही तोंड उघडले की हमखास शाबासकी मिळते : ‘अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता!’ आम्ही बुरखा घालतो, म्हणून ही शाबासकी. शाबासकी देणारे सज्जन असतात, त्यांना आपण काय बोललो ते कळतही नाही. बार्शीचा मेहबूब पटेल अमर शेख झाला आणि लालबाग-परळच्या मैदानांत डफावर थाप मारून हजारो गिरणी कामगारांना उभे करून गेला. त्याला कोणी ‘मराठी छान गातोस’ म्हटले असेल काय? कोकणातल्या आमच्या आज्या-पणज्या ज्या भाषेत ओव्या म्हणत, भांडत आणि कोंबड्या हाकीत, तिच्यासाठी आम्हाला बक्षीस नको.

हे वाचून आमचे मोहल्लेवाले खूश झाले असतील. त्यांनी घाई करू नये.

आम्ही नववीच्या मुलींना एकदा मुंबईचा नकाशा काढायला सांगितला. पुस्तकात पाहून नव्हे, आपापल्या मनातला. नकाशे सुबक आले. घर, शाळा, मदरसा, क्लास, स्टेशन, आणि स्टेशनपासून निघालेली एक लांब रेघ थेट मुंब्र्याला नानीच्या घरापर्यंत. रेघेच्या दोन्ही बाजूंना कोरा कागद. समुद्रसुद्धा काहींनी काढला नव्हता. समुद्र त्यांच्या घरापासून पायी अर्ध्या तासावर आहे.

ती मुंब्र्यापर्यंतची रेघ कशी निघाली, हे आम्हाला माहीत आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ नंतर किती कुटुंबांनी मिश्र वस्तीतली घरे मिळेल त्या भावाला फुंकली आणि मुंब्रा, मीरा रोड, गोवंडी, जोगेश्वरीचा रस्ता धरला, ते आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. आजही घर शोधायला गेले की दलाल आधी बजेट विचारत नाही, नाव विचारतो. त्यामुळे ‘मुसलमान आपल्याच वस्तीत राहतात’ असे जे म्हणतात, त्यांना आम्ही एवढेच म्हणू की जरा एखादे मुसलमान नाव घेऊन खोली शोधून पाहा. इथपर्यंत आमचे भांडण दुसऱ्यांशी आहे. पण राहायला जागा मिळत नाही म्हणून फिरायचेही नाही, हा नियम कोणी केला? तो तर आपणच केला. दंगलीने वस्त्या तोडल्या, हे खरे. पण त्यानंतर जन्मलेल्या मुलींना समोरची गल्ली दाखवायची नाही, हे काम आपण आपल्या हाताने, आपल्या खर्चाने, ‘जमाना खराब है’ असे म्हणत केले.

मुलगे तरी निदान मोटरसायकलवर बँडस्टँडला जाऊन येतात. मुलींचे काय? त्यांनी घराबाहेर पडायला काम लागते. दूध आणायचे आहे, ट्युशनला जायचे आहे, दवाखान्यात जायचे आहे. काम नसताना बाई रस्त्यावर दिसली की ती वाया गेलेली. ही फक्त आपली गोष्ट नाही, हेही मान्य. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिले. या शहरातल्या सर्वच बायकांना रस्त्यावर आपले काम सिद्ध करीत चालावे लागते, विनाकारण उभे राहण्याचा हक्क फक्त पुरुषांना आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी ते इंग्रजीत सांगितले म्हणून तो अभ्यास झाला. आम्ही मोहल्ल्यात सांगितले की बेहयाई होते.

मग निघतो महरमचा मुद्दा. आम्ही आलिमा नाही, फतवा काढणे आमचे काम नाही. पण शाळेत गणितही शिकवतो, म्हणून हिशेब मांडतो. बाईने महरमशिवाय सफर करू नये, असे म्हणणाऱ्या हनफी आलिमांनी सफर कशाला म्हणायचे त्याचे अंतरही सांगून ठेवले आहे, सर्वसाधारणपणे ४८ मैल. तेवढे गेले तर नमाज कसर होते. कुलाब्याहून निघून दहिसरच्या नाक्यापर्यंत गेले तरी ४८ मैल भरत नाहीत. म्हणजे नमाजेच्या वेळी आम्ही मुसाफिर नाही, पूर्ण चार रकात पढायच्या, आणि बसथांब्यावर मात्र मुसाफिर! अंतर एकच, फूटपट्ट्या दोन. ज्यांना यावर वाद घालायचा आहे त्यांनी अवश्य घालावा, पण आधी आपल्या मुलीच्या क्लासचे अंतर मोजावे. तिथे तिला रोज एकटीला पाठवतात.

जमिनीवर फिरा आणि डोळे उघडून पाहा, हे कुरआनात वारंवार आले आहे. ते फक्त पुरुषांना उद्देशून आहे, असे आम्हाला कोणी दाखवून दिलेले नाही. प्रवासाची एवढी मोठी परंपरा दुसऱ्या कोणाकडे असती तर त्यांनी तिचे ढोल पिटले असते. इब्न बतूता १३२५ साली एकविसाव्या वर्षी तंजाहून एकटा निघाला. फिरत फिरत तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि गोव्याच्या दक्षिणेला होनावरला पोहोचला. तिथे त्याने काय टिपून ठेवले? मुलांच्या २३ शाळा आणि मुलींच्या १३. त्या गावच्या बायकांना कुरआन मुखोद्गत असल्याचेही त्याने लिहिले. चौदाव्या शतकात, या किनाऱ्यावर, मुलींच्या तेरा शाळा! एखादा परका माणूस पायी हिंडला आणि त्याने मोजले, म्हणून आज आपल्याला हे माहीत आहे. जे घरात बसले त्यांनी काहीच मोजले नाही.

इब्न बतूता पुरुष होता, हे उत्तर आम्हाला पाठ आहे. मग अतिया फैजी घ्या. मुंबईच्या तय्यबजी घराण्याच्या गोतावळ्यातली ही मुलगी १९०६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेली. कशासाठी? मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला. म्हणजे आमचीच पूर्वज, एका अर्थाने पहिली बी.एड. तिथे काय पाहिले, कोणाला भेटली, हे ती रोज उर्दूत लिहून पाठवायची आणि लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’मध्ये ते छापून यायचे, हिंदुस्तानभरच्या पडदानशीन बायका वाचायच्या. पुढे १९२१ साली त्याचे ‘जमाना-ए-तहसील’ हे पुस्तक झाले. तिची बहीण नाजली ही आपल्या मुरूड-जंजिऱ्याची बेगम. तिनेही १९०८च्या युरोप प्रवासावर उर्दूत पुस्तक लिहिले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याशी नाते सांगणाऱ्या दोन बहिणी जग पाहून उर्दूत लिहितात, आणि आज आमची नववीतली मुलगी उर्दूत शिकते आणि तिला समुद्र काढता येत नाही. प्रगती कोणत्या दिशेने झाली?

आता आम्ही नेमके काय पाहतो, ते सांगतो. नाहीतर आक्षेप येईल की हिला फक्त भांडता येते.

मस्जिद बंदर स्टेशनला उतरावे. या स्टेशनाचे नाव आपल्या कुठल्यातरी मशिदीवरून पडले, असे आम्हीही लहानपणापासून समजत आलो होतो. जवळच सॅम्युएल स्ट्रीटवर यहुद्यांचे एक जुने प्रार्थनास्थळ आहे, १७९६ सालचे. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. ही त्यांची ‘जुनी मशीद’. तिच्यावरूनच स्टेशनाला नाव पडले, असे सांगितले जाते. ती बांधणारा सॅम्युएल दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होता आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला होता. कथा अशी सांगतात, की हे बनी इस्राईल आहेत, यांचा उल्लेख कुरआनात आहे, असे म्हणून टिपूच्या आईने रदबदली केली आणि दिवेकराचा जीव वाचला. सुटून आल्यावर त्याने शुक्र म्हणून ही वास्तू उभारली. कथेत इतिहास किती आणि भक्ती किती, हे इतिहासकार पाहतील. आम्हाला एवढे दिसते, की दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे कुलाबा जिल्ह्यातल्या गावांवरून आलेली, जशी आपल्या कोकणी मुसलमानांतली कितीतरी. हे लोक शनिवार पाळणारे तेली म्हणून गावोगाव राहिले, मराठी बोलले, मराठीत कीर्तने केली. पॅलेस्टाइनच्या बातम्या पाहून ‘यहुदी’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्या आमच्या मुलांना हा यहुदी कोणी दाखवला? गाझात जे झाले त्याचा राग आम्हालाही आहे. पण तो राग पेणच्या तेल्यावर काढायचा नसतो, हे समजायला सॅम्युएल स्ट्रीटवरून एकदा चालावे लागते.

तिथून पायधुणी दहा-पंधरा मिनिटांवर. नावातच सगळे आहे. मुंबईची बेटे वेगळी होती तेव्हा मधली खाडी तुडवून आलेला वाटसरू इथे पाय धूत असे. म्हणजे हे शहर पायी येणाऱ्याचे पाय धुण्याच्या जागेवर वसलेले आहे. आज तिथे जैन देरासर, देवळे आणि मशिदी एकमेकांना खेटून उभ्या आहेत आणि चौकात हातगाडीवाले एकमेकांच्या आईबहिणीचा उद्धार करीत वाट काढतात. शांततेचे चित्र वगैरे काही नाही. पण भांडण चाकाच्या धक्क्यावरून होते, धर्मावरून नाही, आणि आम्हाला हे भांडण फार मोलाचे वाटते.

पुढे डोंगरीत इमामवाडा रोडवर इराणी मशीद आहे, लोक मुघल मशीद म्हणतात. १८६० सालची. निळ्या फरशांची, घुमट नसलेली, आत हौद. आमच्या सुन्नी मोहल्ल्यातल्या किती जणींनी ती पाहिली आहे? ‘ती त्यांची आहे’ असे उत्तर मिळते. म्हणजे हिंदू-मुसलमानांपर्यंत जायलाच नको, आपल्यातच ‘त्यांची’ आहे. तिथून भायखळ्याकडे वळले की मागेन डेव्हिड, डेव्हिड ससूनने बांधलेले निळे सिनेगॉग. त्याच्या आवारातल्या ससून शाळांमध्ये आज बहुसंख्य मुले मुसलमान आहेत. भेंडीबाजार हे नाव घेतले की लोकांना काय काय आठवते! गाण्यातल्या लोकांना मात्र घराणे आठवते. मुरादाबादहून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ, खादिम हुसेन खाँ या भावांनी इथे राहून गायकी घडवली. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नजीर खाँसाहेबांच्या शागीर्द. एका हिंदू बाईला मुसलमान उस्तादाने घडवले, या वाक्यावर आज दोन्हीकडचे लोक दचकतील.

सगळ्यांत जास्त ज्यावर बोलायचे आहे, तो दिवस ६ डिसेंबर. १९९२ पासून आपल्या वस्त्यांत या दिवसाचा अर्थ एकच. शटर अर्धे खाली, नाक्यावर पोलिसांची गाडी, मुलांना शाळेत पाठवायचे की नाही याची कुजबूज. आमची तक्रार दुःखावर नाही, ते दुःख आमचेही आहे. पण त्याच दिवशी, त्याच शहरात, माहीमच्या मखदूमबाबांच्या दर्ग्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, शिवाजी पार्क आणि चैत्यभूमीवर लाखो लोक रांगेत उभे असतात. १९५६ साली ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. विदर्भ-मराठवाड्यातून गाड्या भरून माणसे येतात, बायका कडेवर पोरे घेऊन तासन् तास उन्हात उभ्या राहतात, आणि परत जाताना मैदानातल्या दुकानांतून पुस्तके विकत घेतात. पुन्हा लिहितो, पुस्तके. ज्यांच्या पायात धड चप्पल नाही अशी माणसे घासाघीस न करता पुस्तक घेताना आम्ही पाहिली आहेत. आम्ही बुरख्यातच गेलो होतो. एका म्हातारीने सरकून सावलीत जागा दिली आणि गाव कोणते, एवढेच विचारले. त्या मैदानात आमच्या मराठीला कोणी शाबासकी दिली नाही.

तीस-पस्तीस वर्षे आपण हा दिवस घरात बसून काढला. दोन-तीन किलोमीटरवर या देशातला दुसरा एक दबलेला समाज वाचायला शिकत होता, ते पाहिले नाही. आपले नेते व्यासपीठावर ‘दलित-मुस्लिम एकता’ म्हणतात. एकतेला बसने जायला किती वेळ लागतो, ते त्यांनी कधी पाहिले आहे काय?

आता बसविषयी. कारण आमचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे आणि ती मोडकळीला आणली जात आहे. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईची पहिली बस अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. म्हणजे जामा मशिदीच्या दारापर्यंत. २०२६ हे तिचे शताब्दी वर्ष. एकेकाळी बेस्टकडे चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ मध्ये तो आकडा तीन हजारांच्या आत आला होता, आणि त्यातल्याही बहुतेक कंत्राटदारांच्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. बेस्ट तोट्यात आहे, म्हणतात. सागरी किनारा मार्गावर तेरा हजार कोटींहून जास्त खर्च झाला, तिथे मोटारीला टोल नाही आणि दुचाकीला, रिक्षाला प्रवेश नाही. तो मार्ग तोट्यात आहे, असे कोणी म्हणताना आम्ही ऐकले नाही. मोटारवाल्याच्या वाटेवर खर्च झाला की ती गुंतवणूक, आमच्या वाटेवर झाला की तोटा.

मुंबईत सगळ्या जातीधर्माच्या माणसांना जिथे मांडीला मांडी लावून बसावेच लागते, अशा जागा राहिल्या किती? लोकलचा डबा आणि बसचे बाक. इमारती वेगळ्या झाल्या, शाळा वेगळ्या झाल्या, दवाखानेसुद्धा वेगळे झाले. बसच्या बाकावर मात्र आमच्या शेजारी कोळीण बसते, तिची टोपली आमच्या बुरख्याला लागते आणि ती ‘सरक गं बाय’ म्हणते. एखादा मार्ग बंद होतो तेव्हा फक्त गाडी बंद होत नाही. नागपाड्याच्या मुलीचे गिरगाव बंद होते, तिला खोताची वाडी कधी दिसत नाही आणि तिथले ख्रिस्ती आपल्यासारखेच घरात मराठी बोलतात, हे तिला कधी कळत नाही. मार्ग बंद झाले म्हणून आपल्या किती जमातींनी, किती अंजुमनांनी निवेदन दिले? लाऊडस्पीकरवर बैठका होतात, बसवर झालेली आम्ही तरी ऐकली नाही.

पालकसभेत आम्ही मुलींच्या सहलीसाठी हाच रस्ता सुचवला होता. एक अम्मी उठून म्हणाल्या, “टीचर, वॉटर पार्क ले जाओ ना, सब वहीं जाते हैं. ये मस्जिद बंदर में देखने का क्या है?” दुसऱ्या एका अब्बांना सिनेगॉगचे नाव ऐकूनच धक्का बसला. वॉटर पार्कला खासगी बस करून न्यायचे, मुली वाटेत गाणी म्हणतात, बाहेर पाहत नाहीत, कुंपणाच्या आत उतरतात आणि कुंपणाच्या आतून परत येतात. त्याला कोणाची हरकत नसते. मागे बसलेली एक भाजी विकणारी बाई मात्र सभा संपल्यावर थांबली. “मैं भी चल सकती क्या?” तिने विचारले. तिने आयुष्यभर भायखळ्याच्या मंडईतून भाजी आणली, त्या मंडईच्या पलीकडे काय आहे ते पाहायची तिची इच्छा होती.

अर्ज आम्ही पुन्हा दिला आहे. मार्ग : मस्जिद बंदर, पायधुणी, डोंगरी, भायखळा. वाहन : बेस्टची बस आणि पाय. सोबत : शिक्षिका दोन, पालक एक. अर्जात ‘सहलीचा उद्देश’ असा एक रकाना असतो, तो मोकळा सोडता येत नाही, असे कार्यालयातून कळले. आम्ही त्यात ‘फिरणे’ असे लिहिले आहे.